रेघांचं कापड नाचू लागतं तेव्हा : झोपेची गोळी सोडताना बिघडलेली नजर

सांगलीत घरी ब्लाउज शिवणाऱ्या ४७ वर्षांच्या बाई. तक्रार अशी : साधं कापड कसंबसं शिवता येतं, पण रेघांचं किंवा बारीक चौकड्यांचं कापड मशीनवर घेतलं की रेघा हलायला लागतात. ट्यूबलाइटकडे पाहवत नाही. खिडकीवरून नजर काढली तरी गजांची आकृती भिंतीवर काही सेकंद चिकटून राहते. संध्याकाळी आभाळाकडे पाहिलं की जुन्या टीव्हीवर केबल गेल्यावर दिसायच्या तशा मुंग्या दिसतात. तीन आठवड्यांत दोन नवे चष्मे झाले, एकाचाही उपयोग नाही.

हे प्रकरण एकाच व्यक्तीच्या कागदांवरून उतरवलेलं नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका व्यक्तीभोवती गुंफल्या आहेत. गोळ्यांचे आकडे हिशोब समजावा म्हणून दिले आहेत, कोणी ते पाहून आपली मात्रा ठरवू नये. फिट्स येणारे, गरोदर, रोज दारू घेणारे किंवा मोठ्या मात्रेवर असलेले यांनी तर घरच्या घरी गोळी कमी करण्याचा विचारही करू नये.

चौकशीत खरी गोष्ट तिसऱ्या प्रश्नाला बाहेर आली. छातीत धडधड आणि झोप न येणं यासाठी तीन वर्षांपूर्वी एक जोडगोळी सुरू झाली होती : एस्सिटालोप्रॅम १० मिग्रॅ (चिंता-नैराश्यावरचं औषध) आणि क्लोनाझेपॅम ०.५ मिग्रॅ (मेंदू शांत करून झोप आणणारं), एकाच गोळीत. बाईंच्या लेखी ती 'झोपेची गोळी'. जुन्याच चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षं मिळत राहिली. मग एक दिवस मेडिकलवाल्याने नवी चिठ्ठी मागितली, शेजारीण म्हणाली 'सवय लागते त्याची, सोडूनच दे', आणि गोळी एका रात्रीत बंद झाली. पुढच्या २६ दिवसांत फारच झोप उडाली तेव्हा डब्यात उरलेल्या गोळ्यांपैकी अर्धी अर्धी, चार-पाच वेळा घेतली गेली.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. जोडगोळी बंद केली की दोन वेगळी औषधं एकदम सुटतात आणि दोन्हींचे त्रास एकमेकांत मिसळतात. डोळे डावीकडून उजवीकडे झटकन फिरवले की डोक्यात करंट बसल्यासारखं वाटतं, ही खूण बहुतेक वेळा एस्सिटालोप्रॅमसारख्या औषधाची. प्रकाश न सोसणं, रेघा हलणं, पापण्या आपोआप मिटणं यात क्लोनाझेपॅमचा वाटा मोठा. अर्धी गोळी घेऊन दोन्ही थोडी थोडी आत जातात, पुन्हा उतरतात, आणि मेंदूला कुठलीच पातळी स्थिर मिळत नाही. जोडगोळीत एक औषध तसंच ठेवून दुसरं कमी करताच येत नाही, म्हणून सोडण्याच्या दृष्टीने ही गोळी सर्वांत गैरसोयीची.

दिवसांचा हिशोबही जुळत होता. क्लोनाझेपॅमची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. जवळपास पूर्ण निघून जायला सहा ते आठ दिवस. बाईंची झोप तिसऱ्या रात्री गेली, प्रकाश पाचव्या दिवशी टोचू लागला आणि कापड हलायला लागलं ते सहाव्या-सातव्या दिवशी. गोळी सोडून आठवडा झाल्यावर त्रास सुरू झाला की घरच्यांना तो गोळीशी जोडावासा वाटत नाही. 'आता तर गोळी अंगात नाही, मग हे काय?' अंगात नाही म्हणूनच.

क्लोनाझेपॅम मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा जोर वाढवतं. गाबा म्हणजे ब्रेक. रोज बाहेरून ब्रेकला मदत मिळाली की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो. मदत अचानक काढली की ज्या ज्या ठिकाणी गाबा काम करतं तिथे गोंगाट वाढतो. डोळ्याचा पडदा आणि मेंदूच्या मागच्या भागातलं दृष्टिकेंद्र या दोन्ही जागा त्यातल्याच. एरवी दृष्टिकेंद्र बराच फालतू माल गाळून टाकतं : आधीच्या आकृतीचा ठसा, पेशींचा पार्श्वभूमीवरचा आवाज, एकसारख्या रेघांमुळे उठणारी कंपनं. गाळणी सैल झाली की हे सगळं दिसायला लागतं. दाट, समांतर रेघा हा तर निरोगी मेंदूलाही त्रासदायक नमुना असतो, अर्धशिशीच्या रुग्णांना विचारा. टोकियोतल्या नेत्रतज्ज्ञांनी क्लोनाझेपॅमच्या गटातली औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये प्रकाश न सोसणं आणि पापण्या आखडून मिटणं यांची नोंद बऱ्याच वर्षांपूर्वीपासून केली आहे. म्हणजे काहींना हा त्रास गोळी चालू असतानाही होतो, सोडताना तो उघडा पडतो.

पण 'गोळीमुळेच' असं म्हणून मोकळं होणं ही दुसऱ्या टोकाची चूक. गोळी सोडणाऱ्या माणसालाही इतर आजार होतातच. अचानक काळे ठिपके, कडेला विजा आणि पडदा सरकल्यासारखी सावली दिसली तर डोळ्याचा पडदा सुटत असू शकतो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. लाल, ठणकणारा डोळा, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या म्हणजे काचबिंदूचा झटका असू शकतो. एका डोळ्याची नजर एकाएकी जाणं, नव्याने दोन-दोन दिसणं आणि पापणी लोंबणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यात वाट पाहायची नाही. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं आणि नजर अंधारणं हीदेखील तातडीची बाब. फिट आली, माणूस भ्रमात गेला, नसलेली माणसं दिसू लागली तर थेट १०८ ला फोन. आणि सोडलेली गोळी झोपेची नसून प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असेल, वाकल्यावर क्षणभर नजर अंधारत असेल, तर कवटीतला दाब वाढला नाही ना हे डोळ्याच्या नसेकडे पाहून ठरवावं लागतं. ते प्रकरण पूर्ण वेगळं.

बाईंमध्ये यातलं काही नव्हतं. तरी बाहुली मोठी करून पडदा तपासला. थेंब घालण्याआधी डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी बाहेर जाण्याची वाट, उघडा आहे हे पाहून घेतलं, कारण अरुंद कोनाच्या डोळ्यात बाहुली मोठी करणं धोक्याचं, आणि पुढे त्याच डोळ्याला कोणती औषधं चालतील हेही त्यावर ठरतं. या रुग्णांना आधीच सांगून ठेवावं की थेंबांनंतर चार ते सहा तास उजेड दुप्पट टोचेल, टोपी आणि सोबतीला माणूस आणा. न सांगता थेंब घातले तर घरी जाऊन घबराट होते आणि पुढची तपासणी टाळली जाते.

निकाल : लांबची नजर दोन्हीकडे ६/६. डोळ्यांतला दाब १५ आणि १६, म्हणजे ठीक. पडदा, नस, स्कॅन व्यवस्थित. उपाशीपोटी साखर ९८, थायरॉइड ठीक. साखर मुद्दाम पाहिली, कारण ती वरखाली होत असेल तर चष्म्याचा नंबर आठवड्यागणिक बदलतो. बिघाड सापडला तो दोन जागी. अश्रूंचा थर चार सेकंदांत फुटत होता, निदान दहा सेकंद टिकायला हवा. पाच मिनिटांच्या कागदी पट्टीवर ओल उजवीकडे ७, डावीकडे ६ मिलिमीटर, म्हणजे कमीच. आणि नाकाकडे आणत गेलेली पेन्सिल १५ सेंटिमीटरवरच दोन दिसू लागली. सामान्यतः ती सात-आठ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसते.

मग चष्मे का फसले? बाईंचा जुना जवळचा नंबर +१.५० होता. पहिल्या दुकानात यंत्राने +२.०० सांगितलं, दुसऱ्यात +१.७५ आणि वर थोडा आडवा नंबर (सिलिंडर). दोन्ही तपासण्या संध्याकाळी, दिवसभर शिवून झाल्यावर झाल्या होत्या. कोरड्या डोळ्यावर यंत्राचा किरण वाकडा परततो आणि नसलेला आडवा नंबर उमटतो. थकलेले डोळे जवळच्या वस्तूवर नीट रोखले जात नाहीत, म्हणून नंबर जास्त निघतो. चष्मेवाल्याने यंत्रावर आलं ते दिलं, डोळाच त्या वेळी खरं सांगत नव्हता. नियम सोपा आहे : गोळीची मात्रा किमान सहा आठवडे स्थिर असल्याशिवाय नवा चष्मा नाही. आणि करायचाच तर सकाळी, ओलावा देणारे थेंब घालून, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून, दोन्ही आकडे ०.२५ च्या आत जुळले तरच. तोवर बाईंना जुना +१.५० परत लावायला सांगितला.

धूसर दिसण्याचे प्रकार वेगळे करायला घरच्या तीन चाचण्या पुरतात. त्या शिकवायला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे कित्येक महिने त्यांचा उपयोग होतो. धूसर झालं की आधी चार-पाच वेळा सावकाश, पूर्ण पापण्या मिटून उघडायच्या. काही सेकंद स्पष्ट दिसून पुन्हा धूसर झालं तर दोष अश्रूंच्या थराचा. नाही झालं तर एक डोळा तळहाताने झाकायचा. एका डोळ्याने अक्षर स्थिर आणि दोन्हींनी पसरट दिसत असेल तर दोन डोळ्यांची जोडी जुळत नाहीये. तेही नाही तर पोस्टकार्डाला जाड सुईने एक मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं पाहायचं. भोकातून स्वच्छ दिसलं तर प्रश्न नंबराचा किंवा अश्रूंचा. तिन्हींनी काहीच फरक पडला नाही आणि त्रास दोन्ही डोळ्यांत सारखा असेल तर गाळणी सैल झाल्याची शक्यता जास्त. फक्त एकाच डोळ्यात असेल तर मात्र घरगुती तर्क बंद करून डॉक्टरांकडे जायचं.

बाईंच्या डोळ्यांत तिन्ही प्रकार एकत्र नांदत होते. सकाळचं धूसर पापण्या मिटल्यावर जायचं. संध्याकाळचं एक डोळा झाकल्यावर जायचं. रेघांचं हलणं आणि मुंग्या कशानेच जात नव्हत्या. हे कळल्यावर भीती निम्मी उतरली, कारण तोवर त्या तिन्ही गोष्टींना 'डोळे चालले' असं एकच नाव देत होत्या.

औषधाची बाजू मनोविकारतज्ज्ञांनी हातात घेतली. पहिलं काम जोडगोळी फोडण्याचं. एस्सिटालोप्रॅम वेगळी, सकाळी, आठवडाभर ५ आणि मग १० मिग्रॅ. क्लोनाझेपॅम वेगळी, रात्री ०.२५ मिग्रॅ. पूर्वीची अख्खी ०.५ परत दिली नाही, कारण २६ दिवस गेले होते. त्रास आटोक्यात येईल एवढी कमीत कमी मात्रा पुरेशी होती. दहाव्या दिवशी करंट थांबले, झोप पाच तासांवर आली, उजेडाचा त्रास दहापैकी आठवरून पाचवर आला. रेघा अजून हलतच होत्या. चार आठवडे काहीच कमी केलं नाही. हा थांबलेला काळ रुग्णांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण तो नसेल तर पुढच्या प्रत्येक कपातीचा परिणाम कशाशी ताडून पाहणार?

कमी करण्याचा वेग किती? अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी २०२५ मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के असं सुचवलं आहे, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असं म्हटलं आहे. आता ०.२५ ची सर्वांत लहान गोळी घ्या. तिचे चार तुकडे केले तर एक तुकडा ०.०६२५. पहिली कपात २५ टक्क्यांची, दुसरी ३३, तिसरी ५०. तुकडा तोच, पण उरलेल्या मात्रेच्या मानाने तो मोठा मोठा होत जातो. शेवटच्या पायऱ्यांवर लोक कोसळतात ते यामुळे. गोळी पाण्यात ढवळून सिरिंजने मोजण्याचा उद्योगही बेभरवशाचा, कारण क्लोनाझेपॅम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुरा तळाला बसतो आणि एका दिवशी जास्त, एका दिवशी कमी जातो.

म्हणून डायझेपाम या त्याच गटातल्या औषधावर बदल करायचं ठरलं. त्याची २ मिग्रॅची गोळी चार तुकड्यांत ०.५ पर्यंत मोजता येते आणि ते शरीरातून हळू उतरतं. न्यूकॅसलमध्ये १९८२ ते १९९४ या काळात अशा गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवणाऱ्या हेदर ॲश्टन यांच्या हिशोबाने क्लोनाझेपॅम ०.५ म्हणजे डायझेपाम सुमारे १० मिग्रॅ. काही तक्त्यांत हाच आकडा निम्मा धरलेला असतो. म्हणून एकदम बदल न करता आधी अर्धी मात्रा बदलली : क्लोनाझेपॅम ०.१२५ आणि डायझेपाम २.५. दोन आठवडे दिवसा गुंगी येते का ते पाहिलं. आली नाही, मग उरलेली अर्धी बदलून डायझेपाम ५ मिग्रॅ. त्यानंतर ५ पासून २ पर्यंत दर तीन आठवड्यांनी ०.५ कमी, आणि २ च्या खाली तेवढीच कपात पण चार आठवड्यांनी. कागदावर हे ३४ आठवडे होतात. प्रत्यक्षात जास्त लागले.

आता शिवणकाम. ते बंद करायला सांगणं सोपं होतं, पण घर त्यावर चालत होतं, आणि काम सुटलं की माणूस दिवसभर स्वतःचे डोळे तपासत बसतो. शिवायच्या खोलीत जुन्या चोकची ट्यूब होती. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला शंभरदा मिणमिणते. एरवी ते जाणवत नाही. वर पंखा फिरत असला की पात्यांची सावली त्यात मिसळते. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिलं की मिणमिणणं पट्ट्यांसारखं दिसतं. स्वस्त एलईडीही यात नापास होतात, म्हणून दुकानातच असा तपासून पिवळसर, ३००० केल्विनचा दिवा घेतला. तो मशीनच्या डाव्या बाजूला, वर झाकण असलेला, असा की दिव्याचा गोळा डोळ्यांना दिसत नाही. पंख्याचा झोत चेहऱ्यावरून हटवला. तेवढ्यानेच सकाळची किरकिर कमी झाली.

रेघांच्या कापडासाठी काळ्या पुठ्ठ्याला पाच सेंटिमीटर रुंदीची खिडकी कापली. शिलाईची जागा तेवढीच उघडी, बाकीच्या रेघा झाकलेल्या. नजरेसमोर रेघांचं मैदानच नसलं की नाचायला काही उरत नाही. रेघांचं काम सकाळी, साधं कापड आणि हुक-काजं दुपारनंतर, फॉल-पिको संध्याकाळी, कारण ते हातालाच पाठ असतं. पंधरा मिनिटं शिवलं की दोन मिनिटं मागच्या अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहायचं. सुईत दोरा ओवायला तारेची ओवणी. मशीन चालू असताना सुईकडे टक लावायची नाही, दाबपट्टीच्या कडेकडे पाहायचं. हलत्या सुईकडे पाहिल्याने ठसा उमटतो आणि बोट खाली जाण्याचा धोका असतो.

घरात काळा गॉगल लावणं बंद केलं. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. दिवसभर अंधारात ठेवलेला डोळा आणखी हळवा होतो आणि आठवड्याभरात पडदे ओढलेल्या खोलीतही उजेड टोचू लागतो. बाहेर उन्हात टोपी आणि गॉगल चालेल. आत फार तर हलका गुलाबी छटेचा चष्मा, तोही मशीनपुरता.

थेंबांची कथा वेगळीच. मेडिकलमधून घेतलेल्या ज्या 'लाल डोळ्यांच्या' बाटलीने बाईंना दोन दिवस बरं वाटलं होतं, तिच्यात स्टेरॉइड होतं. नऊ दिवस घातलं होतं. ते थांबवलं आणि तीन आठवड्यांनी डोळ्यांतला दाब पुन्हा मोजला, कारण स्टेरॉइडने तो वाढू शकतो. गुलाबपाणी आणि मधही बंद. त्याऐवजी कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के हे कृत्रिम अश्रूंचे थेंब, दिवसातून चारदा. यापेक्षा जास्त वेळा लागले तर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले. रात्री कोमट ओल्या रुमालाचा शेक आठ मिनिटं, मनगटाला सोसवेल एवढाच गरम. पेन्सिल जवळ आणण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा, पाच पाच मिनिटं, आणि मळमळलं की थांबायचं. हा व्यायाम फक्त एक डोळा झाकल्यावर सुधारणाऱ्या धूसरपणासाठी. मुंग्यांसाठी तो करत बसलं तर नुसते डोळे दुखतात.

नोंदी आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी : वर्तमानपत्र किती मिनिटं वाचता आलं, पेन्सिल किती सेंटिमीटरवर दोन झाली, उजेड दहापैकी किती. रोज मोजणाऱ्यांचा त्रास वहीतच वाढत जातो. भिंतीकडे टक लावून 'अजून ठसा राहतो का' हे पाहायची तर सक्त मनाई, कारण तसा तो कुणालाही राहतो.

डायझेपाम ३.५ वर असताना घसरण झाली. सर्दी-तापासाठी झोप आणणारं खोकल्याचं औषध आणि सोबत लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं गेलं. पहिलं डोळे कोरडे करतं आणि जवळचं धूसर करतं. दुसरं गाबाच्या कामात अडथळा आणू शकतं आणि फिट येण्याची शक्यता वाढवतं, म्हणून या काळात शक्यतो टाळायचं औषध. उजेडाचा आकडा तीनवरून सातवर गेला. अशा वेळी मात्रा परत चढवण्याचा मोह होतो. चढवली नाही, तिथेच पाच आठवडे थांबले. तेव्हापासून बाईंच्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते : कोणती गोळी कमी होते आहे आणि कोणती औषधं विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. दिवाळीआधीचे चार आठवडेही कपात थांबवली. गिऱ्हाइकांची घाई आणि रात्रीची जागरणं असताना पायरी उतरणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी उपास धरण्यासारखं.

त्रास ज्या क्रमाने गेले तोही लक्षात घ्यावा. आधी कोरडेपणा, सहा आठवड्यांत. मग दोन डोळ्यांची जुळणी : पेन्सिल चौथ्या महिन्यात नऊ सेंटिमीटरवर आली. उजेड त्यानंतर, चढउतार करत. रेघांचं हलणं डायझेपाम १.५ वर असताना थांबलं, ०.५ सोडल्यावर दोन आठवडे परत आलं आणि गेलं. दुचाकीवर रात्री समोरच्या दिव्यांचे फराटे दिसायचे ते सर्वांत शेवटी कमी झाले. तोवर अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हे ठरलेलं होतं.

शेवटची गोळी घेऊन दहा आठवडे झाल्यावर नंबर दोनदा मोजला. दोन्ही वेळा +१.७५, आडवा नंबर नाही. ही वाढ वयाची, गोळीची नव्हे. एस्सिटालोप्रॅम अजून १० वरच आहे, त्याला सहा महिने तरी हात लावायचा नाही. तिन्हीसांजेला आभाळाकडे पाहिलं तर मुंग्या अजून दिसतात, फिकट. काळा पुठ्ठा मशीनच्या खणात पडून आहे. मोठ्या चौकड्यांच्या साडीवरचं ब्लाउज आलं की बाई तो अजूनही काढतात.